गोदावरीबाईंचा चेहरा

मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवशी पहाटे आनंदाबाईंना पुन्हा तेच स्वप्न पडलं, आणि या खेपेला त्यांची सासू मागं वळली.

लग्न होऊन या घरात आल्यापासून हे स्वप्न त्यांच्या सोबतीला होतं. तलावाची पाळ, दोन्ही बाजूंना धुकं, पुढं सासू, मागं त्या. सासू चालत राहायची, त्या मागं जात राहायच्या, आणि पाळ काही केल्या संपायची नाही. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. उलट हे स्वप्न पडलं की दिवस बरा जायचा. आज मात्र सासूबाई थांबल्या, वळल्या, आणि पदराखालून ओसरीतल्या फ्लेक्सवरचं तोंड बाहेर आलं. गोरंगोमटं, गुळगुळीत, दात एका ओळीत. ते तोंड हसलं. आनंदाबाई उठून बसल्या आणि सासूचं खरं तोंड आठवू लागल्या. आठवेना.

त्या बाहेर ओसरीत आल्या. फ्लेक्स तिथंच होता, भिंतीला टेकलेला, दिवाळीपासून घरातल्या प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघत असलेला. 'तलाव राखणारी माउली गोदावरीबाई', खाली तलावाचा आभाळातून काढलेला फोटो, आणि कोपऱ्यात तो काळापांढरा चौकोन. त्याच्यासमोर फोन धरला की गावाचं पान उघडायचं.

हे पान म्हणजे दोघा पोरांचा उद्योग. वीरेंद्र, आनंदाबाईंचे धाकटे दीर भोजराज यांचा मुलगा, नागपूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत. आणि मोना, आनंदाबाईंची नात, भंडाऱ्याला इतिहास शिकणारी. वीरेंद्रनं इंग्रजांच्या वेळचा नकाशा उपग्रहाच्या फोटोवर बसवला तेव्हा तलावाच्या पोटातला एक जुना बांध दिसू लागला. आजोबा-पणजोबांनीही त्याचं नाव काढलं नव्हतं. मोनानं म्हाताऱ्या बायांची रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, गाणी फोनमध्ये भरून आणली. पुण्यामुंबईला गेलेली गावची माणसं आता संध्याकाळी आपल्याच आत्या-मावश्यांचे आवाज ऐकत बसायची. सगळं छान चाललं होतं. फक्त गोदावरीबाईंचा फोटो कुठंच नव्हता, कारण तो कधी निघालाच नव्हता.

मग वीरेंद्रनं मशीनकडून चेहरा बनवून घेतला. घरादारानं एका सुरात सांगितलं, अगदी अश्शीच होती! ज्यांनी गोदावरीबाईंना कधी पाहिलंच नव्हतं, त्यांनी जास्त मोठ्यानं सांगितलं. घरात जिनं पाहिलं होतं, ती एकटी आनंदाबाई, त्या दिवशी कोठीत धान मोजून घेत होती. तिला कोणी विचारलं नाही.

"आजी, इथं काहून उभी? थंडी वाजन ना." मोना शाल घेऊन आली.

"माह्या डोक्यातली माह्यी सासू हिनं बाहेर काढली गं," आनंदाबाई फ्लेक्सकडं बोट करून म्हणाल्या. "अन् आपण घुसून बसली."

मोनानं शाल त्यांच्या खांद्यावर घातली. मग म्हणाली, "भोजराज आबाजीले सांग. हा फोटो पाळीवर लागायच्या आधी सांग."

*

चहाला सगळे ओसरीत जमले. चुलीकडून लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा वास येत होता. मंडईचा दिवस म्हणजे गावात घरागणिक पाहुणे, दुपारी तलावाकाठी बाजार, पाळणे, दंडारीच्या नाचाची पथकं. आणि या कापगत्यांच्या घरात त्याआधी एक रीत असायची. नव्या धानाचा भात घेऊन घरातली सगळ्यांत मोठी बाई पाळीवरून तुडुमाच्या, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या मोरीच्या, दगडापर्यंत जायची, बाकीचं घर तिच्या मागं एका रांगेत. पाळीवर तिच्या पुढं कोणी पाऊल टाकायचं नाही, मग तो घरचा कर्ता पुरुष का असेना. गोदावरीबाईंनी पुरात पाळ वाचवली त्या सालापासून ही रीत होती.

आज त्या रांगेनंतर, गावासमोर, फ्लेक्स लागणार होता. भोजराजनं त्यासाठी लोखंडी चौकट करून घेतली होती. पांढऱ्याशुभ्र धोतरात तो सकाळपासून तिच्याभोवती फिरत होता.

"भोजराज," आनंदाबाई म्हणाल्या, "हा फोटो पाळीवर नको लावू बाप्पा."

"काहून जी?"

"हे तुह्या मायचं तोंड नोहे."

भोजराजचा कप अर्ध्या वाटेत थांबला. आई गेली तेव्हा तो रांगत होता. तापानं गेली, पाळ वाचवल्याच्या दुसऱ्या वर्षी. दुसऱ्यांच्या घरी भिंतीवर हार घातलेल्या आया असायच्या. यांच्या घरी एक खिळा होता. कधीतरी फोटो मिळेल म्हणून बापानं ठोकून ठेवलेला. त्या खिळ्याला पुढं पिशव्या टांगायला लागले. दिवाळीआधी वीरेंद्रनं फोनवर तो चेहरा पाठवला तेव्हा भोजराज भातगिरणीत होता. साठीचा माणूस, गिरणीमागच्या कोंड्याच्या ढिगाआड जाऊन लेकरासारखा रडला होता. त्या चेहऱ्यात त्याला काहीतरी फार ओळखीचं दिसलं होतं. हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"वयनी," तो हळू बोलला, "तुम्ही मले लहानाचं मोठं केलं. तुमचा शब्द मी कधी खाली पडू देल्ला नाई. पण मायचं तोंड मले आता दिसलं, अन् तुम्ही म्हणता नोहे?"

"नोहे म्हणून नोहे म्हणतो," आनंदाबाई म्हणाल्या.

"मंग कसं होतं ते तरी सांगा ना बाई," ताराबाई मध्ये पडल्या. भोजराजच्या बायकोनं नवऱ्याची बाजू घ्यायची हे ठरलेलंच होतं. शिवाय इतकी वर्षं या घरात शेवटचा शब्द मोठ्या बाईंचाच चालत आला होता, त्याचाही थोडा राग आवाजात होता. "वीरू बदलून देते."

"हो मोठी माय, पाच मिनिटाचं काम हाय," वीरेंद्रनं लगेच फोन काढला. त्याला खरंच वाटलं, एवढ्यानं भांडण मिटेल. "नाक सांग. लांब होतं का बसकं?"

आनंदाबाईंनी कप बशीत ठेवला.

"डोळे? मोठे होते?"

ओसरीवर कबुतरं घुमत होती. आनंदाबाईंनी डोळे मिटले. धुकं, पाळ, पदर. पदराखाली काहीच नव्हतं.

"मले आठवून नाई राहिलं," त्या म्हणाल्या.

"मंग झालं तं," भोजराज म्हणाला. फार मऊ आवाजात म्हणाला, म्हणून ते जास्त लागलं.

मोना उसळली. "आबाजी, तिले आठवत नाई म्हणून हेच खरं झालं का? वीरूकाका, तुमाले मी तेव्हाच म्हटलं होतं, पानावर टाकायचं तं खाली लिहा, मशीननं बनवलं म्हणून."

"कोण वाचते खालचं? तुह्या रेकॉर्डिंगा किती जण ऐकतात अन् हा फोटो किती जणांनी पुढं पाठवला, पाह्य एकदा. आजकाल इतिहासाले तोंड लागते, मोना."

"कोणाचंबी चालते का मंग?"

त्यावर वीरेंद्र चिडून काहीतरी इंग्रजीत बोलला. मोना त्याहून चिडून मराठीत बोलली. ताराबाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या मोठ्या बाईंच्या हातातल्या कपाकडं बघत होत्या. चहावर साय धरली होती. या बाई हरतील तेव्हा आपल्याला बरं वाटेल, असं ताराबाईंना इतकी वर्षं वाटत आलं होतं. ती वेळ आता आली होती आणि बरं काही वाटत नव्हतं. त्यांनी उठून बाईंच्या हातातून कप काढून घेतला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही बी ना! सणाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाले कोर्टात उभं केल्यावानी करता."

भोजराज बायकोकडं बघतच राहिला.

*

त्याच वेळी अंगणात मोटारसायकल थांबली. दिघोरीहून जावई चंद्रकुमार आणि आनंदाबाईंची लेक शुभांगी आले. सोबत शिंगाड्यांची मोठी पिशवी. चंद्रकुमार स्वभावानं हसतमुख, आणि कुठं हसू नये हे त्याला नेहमी हसून झाल्यावर कळायचं. चपला काढता काढता त्याची नजर फ्लेक्सवर गेली.

"अरे! ह्या बाईले तुमी कायले लावलं?"

"कायले म्हंजे?" भोजराज उभा राहिला. "आमची माय हाय ते, जावईबापू."

"काय मजाक करता काकाजी! ही तं आमच्या गावाबाहेरच्या टोलीवरची सुईण हाय ना. परवा त्यांची मंडई झाली, एवढा मोठा फ्लेक्स होता. 'आद्य सुईण रुखमिणीबाई.' बायांनी ओट्या भरल्या. थांबा, दाखवतो."

त्यानं फोन पुढं केला. तोच पदर, तेच एका ओळीतले दात, गळ्यात झेंडूचा हार. चंद्रकुमार मोठ्यानं हसला, कोणीच हसत नाही असं पाहून थांबला, आणि मग त्यानं बायकोला शोधलं. शुभांगी केव्हाच शिंगाडे घेऊन चुलीकडं गेली होती. माहेरची हवा तिला दारातूनच कळायची.

"आमची माय चोरली!" भोजराज कडाडला. "वीरू, लाव फोन त्यायले."

"बाबा, पानावरचा फोटो कोणीबी उचलू शकते. त्यायच्या सुईणीचाबी फोटो नसन. त्यायले वाटलं असन, जुनी बाई दिसते, चालते."

"म्हंजे ते आमची माय बी होऊ शकते, अन् त्यायची सुईण बी?"

वीरेंद्रनं चंद्रकुमारचा फोन हातात घेतला. फोनच्या पडद्यावर त्या बाईच्या पायाशी नारळ दिसत होते. त्याला एकाएकी लाज वाटली. रात्र रात्र बसून त्यानं नकाशे जुळवले होते, एकेका बांधावर शंका घेतली होती. आणि इथं शंका घ्यायचं त्याला सुचलंच नव्हतं, कारण बाप रडवेल्या आवाजात फोनवर म्हणाला होता, माह्यी माय भेटली रे.

"बनवली कशी ते दाखव मले," भोजराज त्याच्याजवळ येऊन बसला. "आत्ता दाखव."

वीरेंद्रनं एकेक फोटो उघडला. "मशीनले म्हटलं, एका घरातल्या, एका रक्ताच्या लोकायचे हे चेहरे. यायच्यावरून यायच्या मायचा चेहरा काढ. हा तुमचा, मिशा काढून. ही सीताआत्या, तुमची गेलेली बहीण. हा मी. अन् हा जुना, घरच्या बाईचा. हाच सगळ्यात साफ होता. मशीननं यातूनच जास्त घेतलं."

शेवटच्या फोटोत फक्त तोंड होतं. डोक्यावर पदर, वीस-बावीसची बाई, डोळे थोडे दमलेले, ओठांच्या कोपऱ्यात आवरून धरलेलं हसू.

भोजराजनं फोन जवळ ओढला. "ही कोण?"

ताराबाई वाकल्या. "ही तं आपली मोठी बाई! सानगडीच्या मंडईतला फोटो हाय ना हा. माह्या पेटीतून मीच देल्ला. हा म्हणे, घरच्या बायायचे जुने फोटो दे."

"हो, मंग?" वीरेंद्र म्हणाला. "मोठी माय घरचीच तं हाय."

"घरचीच हाय!" ताराबाई म्हणाल्या. "तिच्यापरीस घरची कोण हाय दुसरी?"

मोनानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. "वीरूकाका," ती अगदी हळू म्हणाली, "आजी सून होऊन आली ना या घरात. तिचं अन् गोदावरीबाईचं रक्त एक कसं असन?"

खरं तर हे पोरासोरांनाही कळावं. पण या घरात वीरेंद्र जन्मला तेव्हापासून सगळे म्हणत आले होते की कपाळ मोठ्या मायवर गेलं, राग मोठ्या मायवर गेला. ते कसं जाईल, असं एकानंही कधी विचारलं नव्हतं. खुद्द आनंदाबाईंनीही नाही. त्या वाकून फोनमधल्या आपल्याच तरुण तोंडाकडं बघत होत्या आणि त्यांना ते कुठंतरी पाहिल्यासारखं वाटत होतं.

"पुरा फोटो कुठं हाय?" भोजराजनं विचारलं.

"तुम्ही पाह्यला असन ना कधी," ताराबाई म्हणाल्या.

"नाई पाह्यला. आण."

ताराबाईंनी पेटीतून फोटो आणला. कडा पिवळ्या पडलेल्या. मागं पडद्यावर रंगवलेलं विमान. खुर्चीवर आनंदाबाई, पाठ ताठ. आणि वीरेंद्रनं कापून टाकलेल्या भागात, त्यांच्या मांडीवर, काजळ घातलेलं उघड्या पायांचं पोर. त्याच्या मुठीत तिचा पदर. फोटोवाल्यानं नक्कीच टाळ्या वाजवल्या असतील, पोराला समोर बघायला लावलं असेल. पण पोर समोर बघत नव्हतं. मान वर करून, तोंड उघडं टाकून, ते तिच्या तोंडाकडं बघत होतं.

भोजराजनं फोटो दोन्ही हातांनी धरला. ते पोर तो स्वतः होता. गिरणीमागं, कोंड्याच्या ढिगाआड, जे ओळखीचं वाटलं होतं ते काय होतं हे त्याला कळलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

"मी बरोबरच ओळखलं होतं वयनी," तो म्हणाला. "तुम्ही उगाच नोहे म्हणून राहिल्या होत्या."

आनंदाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला जवळ घ्यावं असं त्यांना फार वाटलं, पण तो आता एवढा मोठा होता, आणि जावई समोर बसला होता.

"तुह्या मायचं तोंड मलेबी धड कधी दिसलं नाई रे," त्या म्हणाल्या. "मी भुलली नाई. आता उमजलं मले. पाह्यलंच नव्हतं, तं आठवन कुठून? तेव्हा सून सासूच्या तोंडाकडं पाहत नव्हती. पदर इथपर्यंत. मले तिच्या टाचा ठाऊक हायेत."

"टाचा?" वीरेंद्र म्हणाला.

"टाचा. रुंद होत्या. भेगायत चिखल बसला का रात्री तेल लावून काढे. डाव्या टाचेले विळ्याचा वण होता, आडवा. चालताना उजवा पाय जरासा बाहेर टाके. त्या साली पाणी थांबेचना. गडीमाणसं नाल्याच्या पल्याड अडकले होते. तुडुमाजवळ पाळ पाझरून राहिली होती. तिनं गावातल्या साऱ्या बाया काढल्या, डोईवर धानाच्या तनसाचे भारे, मातीच्या पाट्या. पाळ पायाखाली अशी हलत होती, दह्यावानी. ती पुढं झाली अन् म्हणे, माह्या पावलातच पाय ठेवा, दुसरीकडं नोको. तिचं पाऊल उठलं का तिथं पाणी भरे. ते भरायच्या आत आपला पाय ठेवायचा. मी तिच्या मागं पहिली होती. दिवसभर मी तिच्या टाचाच पाह्यल्या. कोणी म्हटलं तं हजार टाचायतून आजबी काढून देतो."

हे सांगताना त्यांचा आवाज सकाळपासून पहिल्यांदा मोकळा झाला होता. मोना मांडीवरचा फोन उचलून बघत होती. त्यात केव्हापासून रेकॉर्डिंग चालूच होतं.

"हे टाकू पानावर?" तिनं विचारलं, पण विचारलं वीरेंद्रला.

"टाक," वीरेंद्र म्हणाला. "त्या चौकोनातून थेट हेच ऐकू येऊ दे. फोटो मी काढून टाकतो. पण मोठी माय, जो बाहेर गेला तो काही वापस येत नाई."

"टोलीवर तो तसाच राहीन म्हंजे?"

"राहीन."

"म्हंजे मी आता तिकडची सुईण झाली का?" आनंदाबाई म्हणाल्या. तेव्हा चंद्रकुमार हसला, आणि या वेळी सगळेच हसले.

भोजराजनं मात्र फ्लेक्सकडं पाहिलं. दुपारी गाव जमणार होतं, नवा छापून आणायला वेळ नव्हता. "याचं काय करायचं?"

ताराबाई उठल्या. मंडईसाठी घेतलेलं हिरवं लुगडं, घडीही न मोडलेलं, त्यांनी पेटीतून काढलं आणि फ्लेक्सच्या वरच्या बाजूला पदरासारखं ओढून दिलं. तोंड झाकलं गेलं. नाव राहिलं, तलाव राहिला, चौकोन राहिला.

"आता बरी दिसते सासू," त्या म्हणाल्या.

*

उन्हं वर आली तरी तलावावरचं धुकं पुरतं उठलं नव्हतं. कमळाच्या पानांमधून कुठंतरी बदकं बोलत होती. पलीकडच्या काठावर पाळणे उभे राहत होते, पण आवाज इथवर येईपर्यंत झोपेतल्यासारखा होत होता. उतारावर धान पिवळं पडून ओणवं झालं होतं.

आनंदाबाईंनी भाताची परडी डोक्यावर घेतली, चपला काढल्या आणि पाळीवर चढल्या. त्यांच्या पुढं नुसतं धुकं होतं. पहाटेचं स्वप्न आठवून त्यांनी मनातल्या मनात सासूला म्हटलं, तुम्ही वळू नका, चालत राहा. आणि त्या स्वस्थ मनानं चालू लागल्या.

मागं रांग लागली. दरवर्षी त्यांच्या मागं ताराबाई असायच्या. आज त्या पदर सावरून पुढं होत होत्या, तोच भोजराजनं त्यांच्या खांद्याला हात लावून त्यांना थांबवलं आणि स्वतः त्या जागेवर आला. रीत मोडत नव्हती, पण असं कधी झालंही नव्हतं. ताराबाई काही बोलल्या नाहीत.

दवानं पाळीची माती ओली होती. आनंदाबाईंचं पाऊल उठलं की तिथं ठसा राहायचा. पार मागं पोरं बोलत होती, चंद्रकुमार कुणाला तरी परत तो सुईणीचा फोटो दाखवत होता. भोजराजला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यानं मान खाली घातली आणि समोर चाललेल्या त्या दोन टाचा नीट पाहून घेतल्या.